उपग्रहाचें चित्र व खारजमिनीचा बांध

थळच्या पूर्वेस धरमतर खाडीकांठच्या खारेपाटांत बांधास खांड पडली कीं खारें पाणी भातखाचरांत शिरतें व कालांतरानें तेथें तिवरें वाढतात. तीं तोडण्यास कायद्यानें मनाई आहे. शेत कोणत्या सुमारास गेलें, हें उपग्रहचित्रांवरून ताडतां येतें. लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह १९७२ सालीं सुटला. तेव्हांपासून भूपृष्ठाचीं चित्रें सांठत आलीं आहेत. अवरक्त किरण पाणी शोषून घेतें, हिरवीं पानें परतवितात. म्हणून त्या चित्रांत पाणी काळें व झाडी उजळ दिसते. निरनिराळ्या वर्षांचीं एप्रिल महिन्यांतील ओहोटीचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. त्या वेळीं भातशेत उघडें व तिवर हिरवें असतें. मात्र सेंटिनेल-२ च्या चित्रांतील बारीकांत बारीक ठिपकाही १० मीटर लांब-रुंद असतो. लहान खांड त्यांत दिसत नाहीं. यास्तव प्रत्येक उधाणानंतर शेतकरी बंधूंनीं बांध स्वतः फिरून पाहावा.