अंथरुणावरच्या माणसाची गादी



आपल्या खानापूर भागात एकदा मृगाचा पाऊस धरला की मोंतीच्या सणापर्यंत भिजलेली गादी वाळण्याची आशा नसते. घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असले, तर घरच्या बाईचे निम्मे कष्ट त्या गादीपायीच होतात. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा हल्ली बऱ्याच घरी विचारतात, "फादर, ती वॉटरप्रूफ गादी मिळते म्हणे. घ्यावी काय?" माझे उत्तर असे की, गादी साधीच असू द्या, वॉटरप्रूफ तिची खोळ घ्या. आणि खोळ घेतली म्हणून आजाऱ्याची कूस बदलण्याचे सोडू नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी आई पक्षाघाताने पडली तेव्हा मी शहरातून रेक्झिनने मढवलेली जाड गादी मोठ्या हौसेने आणली. वरचे प्लास्टिकसुद्धा 'नवी राहील' म्हणून काढू दिले नाही. गादी अगदी कोरडी राहिली, पण आई रात्रभर आपल्याच घामात भिजत राहिली. महिना झाला नाही तोच माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उठला, मग कातडी सोलली, मग खोल जखम झाली. ती भरून यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत रोज जखम धुतली ती माझ्या वहिनीने. गादी आणणारा मी इकडे पॅरिशमध्ये होतो.

असे का होते ते समजून घ्या. भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहिले की पायांच्या बोटांत चिखल्या होतात, कारण सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि जरा घासली तरी सुटते. पाठीचेही तेच. त्यात हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबले गेले की तिथला रक्तपुरवठा थांबतो. ओल आणि दाब असे दोन्ही एकत्र आले की शय्याव्रण, म्हणजे डॉक्टर ज्याला बेडसोअर म्हणतात ते, होते. रेक्झिनने लघवी आत जात नाही हे खरे, पण घामही बाहेर जात नाही.

आता खोळीविषयी. बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. एक जुने रबरी मेणकापड. बाळंतिणीच्या खाटेवर ते आपण पाहिलेले आहे. ते स्वस्त असते, पण गरम होते आणि त्याला सुरकुत्या पडतात. त्याच्यावर आजाऱ्याला कधीही उघड्या अंगाने निजवू नये, वर सुती चादर ताणून घालावी. दुसरे रेक्झिन. ते ओल्या फडक्याने चटकन पुसता येते, पण घडीवर तडकते, आणि तडकले की लघवी तिथूनच आत शिरते. तिसरा प्रकार म्हणजे वरून टॉवेलसारखे सुती कापड आणि त्याच्या पाठीला पॉलियुरेथेनचा पातळ थर. या थरातून पाणी जात नाही, पण घामाची वाफ पुष्कळशी निघून जाते. परवडत असेल तर हीच घ्यावी, आणि पावसाळ्याआधी दोन घ्याव्यात, कारण एक वाळायला दोन दिवस लागतात. ती थंड पाण्यात धुवावी, ब्लीचिंग घालू नये, इस्त्री फिरवू नये. उष्णतेने पाठीचा थर सुटतो आणि मग ती नुसती चादर उरते.

पाकिटावर 'वॉटरप्रूफ' लिहिले म्हणून विश्वास ठेवू नका. काही कापडे पाणी थोडा वेळच अडवतात. घरी आणल्यावर खोळीखाली कोरडे वर्तमानपत्र पसरा, वर पेलाभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. मधोमध हाताने दाबूनही पाहा. कागद ओला झाला तर दुकानात परत न्या. शिवण नेहमी बाजूला किंवा खाली असावी, कारण सुईच्या भोकांतून पाणी झिरपते. खरेदीला जाताना गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत लिहून न्या. जाडी मोजायला लोक हमखास विसरतात. मग ताणून बसवलेली खोळ पाठीखाली ढोलाच्या कातड्यासारखी कडक होते.

खोळीखाली कोणती गादी? पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी चांगलीच, पण तिच्यात गोळे झाले असतील तर आधी पिंजून घ्या. काथ्याची गादी धडधाकट माणसाला ठीक. हाडे वर आलेल्या म्हाताऱ्याला ती टोचते. चार इंची चांगला फोम असल्यास आजाऱ्याला त्यावर निजवून कमरेच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी, हात सरकवून पाहा. वरून हाडाचा भार हाताला लागला तर तो फोम बसला आहे असे समजा.

आणि आता मुख्य काम. दर दोन तासांनी कूस बदलावी: डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवे करण्याऐवजी पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवणे बरे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज आंघोळ घालताना पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावरही पांढरा होत नसेल तर ती पहिली सूचना. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का पाहावे. अशा डागावर तेल चोळू नका, चोळण्याने आतले मांस आणखी दुखावते. त्या जागेवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना दाखवा. चादर ओली होऊ नये म्हणून म्हाताऱ्यांचे पाणी तोडणारी घरेही मी पाहिली आहेत. तसे करू नये, त्याने लघवी जळजळते आणि बद्धकोष्ठ होतो.

हवेच्या गादीत पंप एका कप्प्यात हवा भरतो, शेजारच्यातून सोडतो, आणि दाबाची जागा आपोआप बदलते. ती साध्या गादीवर अंथरायची असते. वर एकच सैल चादर हवी, जाड वाकळ घातली तर तिचा उपयोग राहत नाही. वीज गेली की ती बसते हे लक्षात ठेवा. कूस तरीही बदलावी लागतेच.

लहान मुलांचे थोडक्यात सांगतो. पाच वर्षांपर्यंत मूल रात्री अंथरूण ओले करते यात नवल नाही. मारू नका, चारचौघांत बोलू नका. सात वर्षांनंतरही चालू राहिले तर डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाखाली मात्र सुटे प्लास्टिक मुळीच नको, ते तोंडावर आले तर श्वास कोंडतो. खोळ घट्ट बसणारी आणि गादी टणक असावी.

भिजून कुबट झालेली जुनी कापसाची गादी फेकण्याआधी पाऊस उघडेपर्यंत थांबा. कापूस काढून चार दिवस कडक उन्हात पसरा. काळी बुरशी चढलेला भाग टाकून द्या. उरलेल्यातून पोटऱ्यांखाली द्यायच्या दोन उश्या सहज होतात.