घटक ६ : प्रस्थापनेविना कार्यप्रणालीचा परिचय

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येईल.
• थेट प्रणाली संगणकात कायमचा बदल न करता कशी चालते, हे सांगता येईल.
• विशेष हेतूंसाठी घडवलेल्या काही मुक्त प्रणालींचा परिचय करून देता येईल.
• मराठी लेखनाच्या दृष्टीने एखाद्या प्रणालीची चाचणी घेता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड आणि देवनागरीचे कळफलक यांचा विचार केला. आपण टंकलिखित केलेले अक्षर पडद्यावर कसे उमटावे, हे अखेरीस संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ठरवत असते. तरीही बहुतेकांनी आयुष्यात एकच कार्यप्रणाली पाहिलेली असते : संगणकासोबत आलेली.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. घरातील एकच संगणक सर्वांचा असतो. मुलांचा अभ्यास, घरचे हिशेब, छायाचित्रे सारे त्यातच असते. अशा यंत्रावर प्रयोग करताना ‘काही बिघडले तर?’ ही शंका येणे स्वाभाविक आहे. संगणकात काहीही प्रस्थापित न करता, म्हणजेच इन्स्टॉल न करता, नवी प्रणाली वापरून पाहण्याची पद्धत या शंकेला पुष्कळ अंशी उत्तर देते. मात्र या पद्धतीची स्वतःची एक अट आहे. ती अट समजून घेणे हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ ‘मुक्त’ आणि ‘मोफत’

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द दोन अर्थ वाहतो, आणि त्यामुळे त्या भाषेत या विषयावर बराच गोंधळ होतो. मराठीत संस्कृतातून आलेला ‘मुक्त’ आणि फारसीतून आलेला ‘मोफत’ असे दोन शब्द असल्याने आपले काम सोपे होते. मोफत वस्तूला पैसे पडत नाहीत. मुक्त वस्तूवर वापरणाऱ्याचा अधिकार असतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. त्या विचारातून चार अधिकार पुढे आले : आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रती वाटणे. १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी संपूर्ण प्रणाली रचल्या. त्यांना ‘वितरणे’ म्हणतात. चौथा अधिकार येथे विशेष महत्त्वाचा आहे. सुधारलेली प्रत वाटण्याची मुभा असल्यामुळेच एका विशिष्ट गरजेसाठी वेगळी प्रणाली घडवणे शक्य झाले.

६.२.२ थेट प्रणालीची कार्यपद्धती

संगणक सुरू होताना कार्यप्रणाली कोठून उचलायची हे तो आधी पाहतो. नेहमी ती अंतर्गत डिस्कवर सापडते. त्याऐवजी पेन ड्राइव्हवरून सुरुवात करण्यास सांगितले, तर तेथील प्रणाली चालू होते. हिलाच थेट प्रणाली किंवा ‘लाइव्ह सिस्टिम’ म्हणतात.

एक दृष्टान्त घेऊ. ग्रंथालयाच्या पुस्तकावर आपण खुणा करत नाही. पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघा ओढल्या, तर पुस्तक कोरे राहते आणि आपल्याला मात्र मजकूर व खुणा एकत्र दिसतात. थेट प्रणालीत मूळ आज्ञावली संकुचित रूपात आणि केवळ वाचण्यापुरती ठेवलेली असते. आपण केलेले बदल रॅम या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे त्या पारदर्शक कागदावर, नोंदले जातात. संगणक बंद केला की तो कागद नाहीसा होतो. अंतर्गत डिस्क आपण मुद्दाम उघडली नाही, तर सामान्यतः तिला हातही लागत नाही.

याच गुणातून वर उल्लेखिलेली अट निर्माण होते. बोलीच्या एका ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर मी एकदा अशाच प्रणालीत करत बसलो होतो. चार पाने झाली, फाइल ‘जतन’ही केली, आणि समाधानाने संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यातील एक अक्षरही उरले नव्हते. कारण मी जतन केले होते ते त्या पारदर्शक कागदावरच. ध्वनिमुद्रण हाती होते म्हणून काम पुन्हा करता आले. तुमचा स्वाध्याय असा गेला, तर तो पुन्हा आठवूनच लिहावा लागेल. म्हणून थेट प्रणालीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा अथवा स्वतःला ई-मेलने पाठवावा, आणि मगच संगणक बंद करावा.

६.२.३ विशेष हेतूंच्या प्रणाली

क्नॉपिक्स : क्लाऊस क्नोप्पर या जर्मन अभियंत्याने २००० मध्ये ही प्रणाली प्रसिद्ध केली. सुमारे ७०० मेगाबाइटच्या सीडीवर तिने जवळपास २ गिगाबाइटची आज्ञावली संकुचित करून बसवली आणि थेट प्रणालीची कल्पना सर्वदूर पोचवली. हिच्यातील ‘ॲड्रियान’ हा विभाग दृष्टिबाधितांसाठी आहे. क्नोप्पर यांच्या पत्नी ॲड्रियान या दृष्टिबाधित आहेत. त्यांचेच नाव या विभागाला दिले आहे. येथे पडद्यावरील मजकूर आवाजात ऐकवला जातो. वाचन हे डोळ्यांचेच काम आहे का, या प्रश्नाकडे भाषेच्या अभ्यासकाने पाहावे असे हे उदाहरण आहे.

टेल्स : २००९ पासूनची ही प्रणाली खाजगीपणासाठी आहे. इंटरनेटवरील सर्व संपर्क ‘टॉर’ या जाळ्यातून जातो आणि काम संपल्यावर मागे खूण राहत नाही. विस्मरण हाच येथे गुण मानला आहे. हवे असल्यास सांकेतिक कुलपातील कायम साठा वेगळा निर्माण करता येतो.

उबुंटू स्टुडिओ : ध्वनी, चित्र आणि चलत्चित्र यांच्या संपादनाची साधने हिच्यात एकत्र मिळतात. लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणावर काम करणाऱ्यांना ती उपयुक्त ठरेल.

बॉस : ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ हे सी-डॅकने डेबियन या वितरणावरून घडवलेले वितरण असून भारतीय भाषांचा वापर हा त्याचा एक हेतू आहे.

६.२.४ प्रयोगाच्या पायऱ्या

१. ८ गिगाबाइट वा अधिक क्षमतेचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार आहे. आधी प्रत काढून ठेवा.
२. वितरणाच्या अधिकृत स्थळावरूनच प्रतिमा-फाइल उतरवून घ्या आणि तेथे दिलेल्या पडताळणी-अंकाशी ती जुळते का ते पाहा.
३. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर अशा साधनाने ती ‘लिहावी’ लागते.
४. संगणक सुरू होताना बूट-यादी उघडा. तिची कळ कंपनीप्रमाणे बदलते. एफ१२, एफ९ वा एस्केप या कळा सामान्यतः आढळतात.
५. ‘ट्राय’ हा पर्याय निवडा. ‘इन्स्टॉल’ला स्पर्श करू नका, डिस्क पुसली जाण्याचा धोका तेथेच आहे.

कार्यालयातील वा अभ्यासकेंद्रातील संगणकावर परवानगीशिवाय हा प्रयोग करू नये. सुरक्षित-बूटची मांडणी बदलल्यास काही संगणक पुढील वेळी डिस्कची पुनःप्राप्ती-किल्ली मागतात. ती हाताशी नसेल तर मांडणी बदलू नये.

६.२.५ मराठीची चाचणी

प्रणाली सुरू झाल्यावर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक जोडा आणि पुढील वाक्य लिहा : ‘वाऱ्यावर डोलणाऱ्या कणसांकडे ॲड. काळे पाहत राहिले.’ यात तीन गोष्टी पाहायच्या आहेत. ‘वाऱ्या’मधील अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसतो, की रफार होऊन ‘वार्या’ असे उमटते? ‘ॲ’ हे अक्षर आहे, की रिकामा चौकोन? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या टंकांत ते नसते. आणि ‘ल’चे वळण मराठी आहे की हिंदी? ही तीन उत्तरे मिळाली, की ती प्रणाली मराठी लेखकाच्या कितपत कामाची आहे हे तुम्ही स्वतः सांगू शकाल.

६.२.६ मर्यादा

पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली प्रस्थापित प्रणालीपेक्षा संथ वाटते. रॅम कमी असेल तर ती अडखळते. एखाद्या संगणकाचे वाय-फाय वा मुद्रक ओळखले जात नाही. मात्र हे दोष प्रस्थापनेपूर्वीच कळणे हाही एक लाभच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. योग्य की अयोग्य ते लिहा : थेट प्रणालीत ‘जतन’ केलेली फाइल नेहमी अंतर्गत डिस्कवर राहते.
२. मोफत मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त असते का? दोन वाक्यांत उत्तर द्या.

६.३ सारांश

मुक्त आज्ञावलीतील वाटपाच्या अधिकारामुळे विशेष हेतूंच्या प्रणाली निर्माण झाल्या. थेट पद्धतीने त्या प्रस्थापनेविना पाहता येतात, कारण बदल तात्पुरत्या स्मृतीत राहतात. यंत्र सुरक्षित राहते ते याच कारणाने, आणि लिहिलेले नष्ट होते तेही याच कारणाने. म्हणून यंत्राची भीती बाळगू नये. आपल्या मजकुराची काळजी मात्र घ्यावी.

६.४ सरावासाठी स्वाध्याय

१. पारदर्शक कागदाच्या दृष्टान्ताच्या आधारे थेट प्रणालीचे कार्य विशद करा.
२. क्नॉपिक्स आणि टेल्स यांच्या हेतूंची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : कोणत्याही एका थेट प्रणालीत ६.२.५ मधील चाचणी घेऊन दोनशे शब्दांचा अहवाल त्याच प्रणालीत लिहा. संगणक बंद करण्यापूर्वी तो अन्यत्र जतन करण्यास विसरू नका.