बोट घेताना आधी तळ पाहा

कोकणच्या बंदरांवर आपले कित्येक व्यापारी बांधव बोटीत पत्ती ठेवतात. पैसा देताना बहुतेकांचा सवाल एकच असतो, "इंजिन किती घोड्यांचे?" आम्ही कापडवाले. रंगाआधी पोत पाहायची आमची सवय. बोटीचा पोत म्हणजे तिचा तळ.

मचवा, गलबत, ट्रॉलर यांचा तळ खोल असतो. अशी बोट पाणी बाजूला सारत चालते आणि चालताना स्वतःची लाट उठवते. वेग वाढला की लाट लांब होत जाते. लाट बोटीइतकी लांब झाली की पुढचे टोक वर चढते, मागचा भाग खाली बसतो, आणि बोट जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. याचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी फुटांत मोजा, तिचे वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. 36 फुटांना आठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर. त्यापुढे घोडे दुप्पट केले तरी वेग थोडाच वाढतो, डिझेल मात्र भरमसाट जळते.

उलट, तीच बोट आठऐवजी सात नॉटने चालवली तर तेवढ्याच अंतराला ढोबळमानाने पाव हिस्सा डिझेल वाचते. तांडेलाला हे पटवणे कठीण, ही गोष्ट वेगळी!

ट्रॉलरला मोठे इंजिन लागते ते पळण्यासाठी नव्हे, जाळे ओढण्यासाठी. म्हणून त्याचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा हवा. लहान पंखा जोरात फिरवला तर पाणी नुसते घुसळले जाते.

स्पीडबोटीचा तळ चपटा, अंग हलके. ती वेगात पाण्यावर उचलली जाते. पण तिच्यात बर्फ आणि मासळी भरली की ती बसते आणि वेग संपतो.

पूर्वी ही ओढ कापडच देत असे. जाड सुती कापडाचे तिरके शीड हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर गलबताला अरबस्तानापर्यंत नेई, आणि नैर्ऋत्य वारा परत आणी. वारा फुकट, पण वेळापत्रक वाऱ्याचे. माल मोसमातच पोहोचायचा. डिझेल आले तशी शिडे उतरली. मात्र केरळातील बेपूरचे मिस्त्री सागवानी उरू बांधताना आजही आधी फळ्या जोडतात, फासळ्या मागाहून बसवतात. नकाशा कागदावर नसतो, डोक्यात असतो.

आता बॅटरीचे बोलणे फार आहे. कोची वॉटर मेट्रो 2023 साली सुरू झाली. तिच्या बोटींना दोन अरुंद तळ आहेत, त्यामुळे पाण्याचा विरोध कमी. फेऱ्या छोट्या, चार्जिंग धक्क्यावर. चार दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीला हे अजून परवडणारे नाही.

तळ न पाहता वर मजला चढवणे तर जीवघेणे. मे 2023 मध्ये केरळात तानूरला दुमजली प्रवासी बोट उलटून 22 माणसे बुडाली. मूळची ती मासेमारीची होडी होती आणि त्या दिवशी गर्दीही जास्त होती. वजन वर गेले की बोट कलते, आणि कललेली बोट सावरत नाही.

जुन्या बोटीचा सौदा पावसाळी बंदीत करावा. तेव्हा ती किनाऱ्यावर ओढलेली असते, तळावर पाण्याची रेषा दिसते. टेप लावून लांबी मोजा, फळ्यांच्या सांध्यातला कापूस बोटाने दाबून पाहा. किमतीचे बोलणे त्यानंतर.