मुलाच्या प्रश्नाला घरातच उत्तर मिळू दे



धाडसारख्या गावात आपली कॅथलिक घरं थोडी. वर्गात आपलं मूल बहुतेकदा एकटंच असतं. शेजारी बसणारा कुणी वारकऱ्याच्या घरचा, कुणी मुसलमान, कुणी बौद्ध. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरली की पोरांच्या तोंडी तिच्याच गोष्टी, आणि शेगावला जाऊन आलेलं कुणी ना कुणी असतंच. अशा वर्गात डबा खाता खाता आपल्या लेकराला कुणीतरी विचारतं, “तुमचा धर्म इंग्रजांचा ना रे?” त्यात वाईट हेतू नसतो, पण लेकरू गोंधळतं. घरी येऊन दप्तर टाकत तोच प्रश्न आपल्याला विचारतं आणि आपण म्हणतो, “फादरांना विचार रविवारी.”

फादरांना विचारायला काहीच हरकत नाही. पण रविवार येईपर्यंत मुलाला एक गोष्ट कळून चुकलेली असते, की घरात याचं उत्तर नाही. मला काळजी वाटते ती याची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात आईवडिलांना मुलांचे पहिले धर्मोपदेशक म्हटलं. आधी आपण, मग फादर आणि सिस्टर.

म्हणूनच श्रद्धेविषयी बोलायला शिकवणारी पुस्तकं आधी आपल्यासाठी घ्यावीत. मुलांच्या हाती ती नंतर द्यावीत.

त्या इंग्रजांच्या प्रश्नाचंच बघा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचे बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपलं मुंबईजवळचं कल्याण. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू श्रद्धेसाठी मारले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली, आणि इंग्रजांचं राज्य त्याच्याही कितीतरी नंतरचं. चौथीतल्या मुलालाही ही तीन वर्षं-शतकं पाठ होतील आणि ते न चिडता बोलू शकेल. पण त्याला ती सांगणार कोण?

मराठीत अशा बोलण्याची परंपरा आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. ते मूळचे इंग्रज, पण लिहिलं त्यांनी मराठीत. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. ते का लिहिलं, हे त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. तिथल्याच साष्टी भागातल्या देवळात रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालला होता. तिथं एक नवख्रिस्ती ब्राह्मण आला आणि म्हणाला, मुलांना हे ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय? त्या एका सवालातून एवढा ग्रंथ उभा राहिला. तो विचारणारा प्रौढ माणूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढंही ग्रंथात श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री त्यांना उत्तर देतात. शंका विचारणं म्हणजे श्रद्धा डळमळणं, असं या ग्रंथानं मानलं नाही. शांताराम बंडेलूंनी 1956 साली हा ग्रंथ देवनागरीत आणला, आणि फादर नेल्सन फलकाव यांच्या आवृत्तीत आजच्या मराठीतला अर्थही आहे. दोन-चार ओव्या रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून बघा.

अलायन्स किंवा दुसऱ्या प्रॉटेस्टंट मंडळीतले नातलग भेटले की प्रश्न वेगळे येतात. तुमच्या बायबलात सात पुस्तकं जास्त कशी? मरियेला देवी मानता का? मूर्तींपुढे मेणबत्त्या का लावता? सात पुस्तकांचं उत्तर इतिहासात आहे. टोबित, ज्यूडिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख यांचा समावेश असलेली यादी हिप्पो आणि कार्थेजच्या धर्मसभांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस मान्य केली होती. 1546 साली ट्रेंटच्या परिषदेनं तीच पुन्हा ठामपणे सांगितली.

मूर्तींचा प्रश्न 787 सालच्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत सुटलाय. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा 2132 वा परिच्छेदही तेच सांगतो, की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. मुलाला सांगताना भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बोट दाखवा. आपण त्याला हार घालतो, पण ती चौकट म्हणजे आजोबा असं घरात कुणालाच वाटत नाही. मरियेचंही असंच. तिला मान, तिच्याकडे विनवणी, आराधना मात्र एकट्या देवाची.

पुस्तकं कोणती, तर पहिलं शुभवर्तमान. मार्कचे सोळाच अध्याय आहेत, घरात रोज एक वाचला तरी सोळा दिवसांत होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ हाताशी असू द्या. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि भाषा खरंच सुबोध आहे. मग धर्मशिक्षण ग्रंथ: श्रद्धा, संस्कार, आज्ञा, प्रार्थना असे त्याचे चार भाग. सलग वाचायला तो जड जातो. प्रश्न आला की तेवढा परिच्छेद शोधायचा. थोरल्या मुलांसाठी 2011 साली निघालेलं प्रश्नोत्तरांचं ‘यूकॅट’ आहे. वसईचं ‘सुवार्ता’ आणि 1903 पासूनचं ‘निरोप्या’ ही मासिकं घरात पडलेली असली की मुलं आपसूक चाळतात. वादविवादाची इंग्रजी पुस्तकं मी सगळ्यात शेवटी ठेवीन. त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेली असतात, आणि ती वाचून पोरगं मित्राला हरवायला निघतं. पेत्रानं आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर द्यायला तयार राहा म्हणताना सौम्यता आणि आदरही मागितलाय, तो भाग आपण विसरतो.

एक प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो येणारच. गोव्यात इन्क्विझिशन होतं ना? होतं. ते धर्मन्यायालय 1560 साली सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. त्यात माणसांवर जुलूम झाला. हे मुलाला आपणच सांगावं, लपवू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी रोममध्ये, भर मिस्सात, ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांसाठी देवाकडे क्षमा मागितली, तेही त्याच बैठकीत सांगा. मोबाईलवर अर्धवट वाचून आलेल्या मुलाला आईबापांनी काही दडवलं असं वाटलं, तर बाकीच्या उत्तरांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

आणि उत्तर येत नसेल तर “मला माहीत नाही, आपण दोघं मिळून शोधू” म्हणा. प्रश्न वहीत लिहा, मुलाच्याच अक्षरात. रविवारी मिस्सा झाल्यावर ती वही घेऊन तुम्हीही त्याच्याबरोबर फादरांकडे थांबा.