अंगालगतचं कापड आधी निवडा

सोनाळ्याहून शेगावला पायी जायचं ठरलं तेव्हा मी पुष्कळ तयारी केली होती. नवे बूट आणले आणि पंधरा दिवस शेतात वापरून नरम केले. रेनकोट, टॉर्च, गूळ-शेंगदाणे, पायाच्या फोडांसाठी पट्ट्या असं सारं पिशवीत होतं. आत काय घालायचं, याचा मात्र क्षणभरही विचार केला नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तीन नगांचं पाकीट विकत आणलं आणि पहाटे त्यातलीच एक कोरी चड्डी घालून, वरून जीन्स चढवून दिंडीत उभा राहिलो.

ती चूक मला सात महिने पुरली. आमच्या गावातला दुसरा कोणी ती करू नये, म्हणून जे एरवी चारचौघांत बोललं जात नाही, ते इथे लिहितो आहे.

ऋषिपंचमी म्हणजे गजानन महाराजांची पुण्यतिथी. १९१० साली याच तिथीला महाराजांनी शेगावला समाधी घेतली आणि आजही त्या दिवशी गावोगावच्या दिंड्या शेगावची वाट धरतात. भाद्रपदातली हवा आमच्याकडच्या माणसाला माहीत आहे. सर येते, थांबते आणि लगेच असं ऊन पडतं की भिजलेलं अंग वाफाळतं. पहिल्या सरीत माझी जीन्स भिजली ती दिवसभर वाळली नाही. आतली चड्डी चकचकीत, निसरड्या कापडाची, मांडीला बारीक इलॅस्टिकची आणि एक नंबर लहान. ते इलॅस्टिक नेमकं जांघेच्या घडीत बसलं होतं. वरवट बकाल येईपर्यंत नुसती चुणचुण होती, पूर्णेच्या पुलावर आलो तेव्हा पाय फाकवून चालत होतो. घामाचं मीठ सोललेल्या कातडीवर उतरत होतं आणि प्रत्येक पावलाला आग होत होती. सोबत्यांनी विचारलं तर "पोटरी आखडली" म्हणून सांगितलं.

दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लाजू नोको बापू. जांघेत लागलं ना तुले? थे काढ, अंग पूस, कोरडं कर. माह्याकडचं धोतर नेस." त्यांनी खोबरेल तेलाची बाटलीही दिली. पुढचा टप्पा मी त्यांच्या धोतरात चाललो आणि दर्शनाला पोचलो. तिथेच शहाणा झालो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

घरी आल्यावर जखम भरली, पण आठवड्याभराने त्याच जागी खाज सुरू झाली. लाल कडेची गोल चकती उठली. आमच्याकडे त्याला गजकर्ण म्हणतात, कोणी नायटा म्हणतं. डॉक्टरकडे जायची लाज वाटली, म्हणून औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणली. कोणाची चिठ्ठी लागली नाही. दोन दिवसांत खाज बसली आणि मला ते मलम रामबाण वाटलं. बंद केलं की पंधरा दिवसांत चकती परत, आधीपेक्षा मोठी. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असे पाच महिने गेले. मग बायकोच्या कमरेवर तशीच चकती दिसली आणि एका सकाळी सहा वर्षांच्या मुलाच्या पोटावर. घरात टॉवेल एक, कपड्यांची बादली एक. माझ्या लाजेची शिक्षा लेकराला झाली होती. त्याच दिवशी आम्ही तिघं अकोल्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर मॅडमनी आधी ती ट्यूब पाहिली. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण कातडीची लढायची ताकदही दाबतं. वरून बरं दिसतं आणि आत बुरशी पसरत राहते. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे औषध झपाट्याने मुरतं. १९६७ साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी शरीराच्या कोणत्या भागातून स्टेरॉइड किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागाच्या तुलनेत अंडकोशाच्या कातडीतून ते सुमारे ४२ पट अधिक शोषलं गेलं. हातावर चालणारं मलम जांघेत का चालत नाही, ते या एका आकड्यावरून कळावं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे. तरी मला ट्यूब सहज मिळाली, कारण मागणारा मीच होतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं. आपल्या देशात पसरलेली नायट्याची बुरशी आता चिवट झाली आहे. २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं आणि नेहमीच्या गोळ्यांना ती अनेकदा दाद देत नाही. आम्हा तिघांचा इलाज एकदमच सुरू झाला आणि मधेच न सोडता पूर्ण करावा लागला. उठताना मॅडम म्हणाल्या, "औषध मी देते, पण तुमचे आतले कपडे तुम्हालाच बदलावे लागतील. ओल, उष्णता आणि घासणं मिळालं की हा आजार परत येतो."

त्यानंतर मी बारकाईने पाहायला लागलो. संत्र्याच्या बागेत, बाजारात, शेजारी, दिंडीतल्या लोकांना विचारत गेलो, चार प्रकार वापरून पाहिले. त्यातून हाती आलं ते सांगतो.

कापड. आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे सुती म्हणजे चांगलं हे डोक्यात पक्कं असतं. ते बरंचसं खरं आहे. सुती कापड घाम पितं, हवा खेळू देतं, अंगाला टोचत नाही. पण जे पितं ते धरूनही ठेवतं. साधारण हवेतही कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून निंदण, ओलित, बाजारहाट अशा रोजच्या कामाला सुती होजिअरी उत्तम. तिच्यात थोडा ताणला जाणारा धागा, म्हणजे इलास्टेन, असला तर आकार टिकतो. दिवसभर चालायचं, धावायचं आणि मधे बदलायची सोय नाही, अशा वेळी मात्र ओलं सुती कापड कातडी घासतं. तिथे खेळासाठी विणलेलं, जाळीदार, लवकर वाळणारं कापड घ्यावं. माझी पहिली चड्डीही कृत्रिम धाग्याचीच होती, पण ती दाट विणीची आणि दिसायला चकचकीत. हवा तिच्यातून जातच नव्हती. ओळखायला सोपी युक्ती आहे: कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडे लागली तर घ्या.

लांबी. चालताना मांडीला मांडी घासते, हे दुखण्याचं मूळ. अर्ध्या मांडीपर्यंत येणारी, अंगासरशी बसणारी चड्डी घातली की कातडीवर कातडी येत नाही, कापडावर कापड येतं. आखूड चड्डीचं इलॅस्टिक घडीत रुततं. फार सैल चड्डी घरात छान, पण चालताना तिचा चोळामोळा होऊन तो जांघेत गोळा होतो. आमच्या दिंडीतले बाबा धोतराखाली लंगोट बांधत, पैलवानही तोच बांधतात. त्यात इलॅस्टिक नाही, आवळ आपल्या हातात असतो. ज्याला सवय आहे त्याने तो खुशाल वापरावा, फक्त तो सुती असावा आणि रोज धुतलेला असावा.

माप. पाकिटावर ८५, ९०, ९५ असे आकडे असतात, ते कमरेचे सेंटिमीटर. पँटचा नंबर आठवून घेऊ नका. जिथे इलॅस्टिक बसतं तिथे टेप लावून मोजा. इलॅस्टिकमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. संध्याकाळी कपडे काढल्यावर कमरेवर खोल वळ राहत असेल, तर माप लहान आहे. घट्टपणाचा प्रश्न नुसत्या वळांचा नाही. अंडकोश शरीराबाहेर आहेत ते त्यांना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो म्हणून. २०१८ मध्ये अमेरिकेत ६५६ पुरुषांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक वेळा सैल बॉक्सर वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण इतरांपेक्षा २५ टक्के जास्त आढळलं. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, पण एक नंबर लहान घालण्याचं कारणही उरत नाही.

शिवण. चड्डी उलटी करून पाहा. आसनाच्या मधोमध चार शिवणी एकत्र येऊन गाठ झाली असेल तर ती ठेवून द्या. तिथे वेगळी कळी जोडलेली आणि शिवण चपटी असेल तर घ्या. आतला लेबलचा कागद टोचत असेल तर कापू नका, टाका उसवून काढा, नाहीतर उरलेलं टोक जास्त टोचतं.

चाचणी. दुकानात ही वस्तू घालून पाहता येत नाही. म्हणून आधी एकच नग घ्या. दोनदा धुवा. घरी उकिडवे बसून पाहा, मांडीवरची पट्टी वर सरकते का ते बघा, एक दिवस शेतात घाला. मग त्याच मापाचे आणखी तीन घ्या. कोरी चड्डी घालून लांबच्या वाटेला कधीही निघू नका. बुटाला मी पंधरा दिवस दिले होते, या कापडाला एकही दिला नव्हता.

आता कामानुसार काही गोष्टी.

वारीला निघणाऱ्याने जीन्स घरी ठेवावी. दोन जास्तीच्या चड्ड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या ठेवाव्यात आणि दुपारच्या मुक्कामाला बदलाव्यात. निघण्याआधी मांडीच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. खाज आधीच असेल तर मात्र तेल-तूप काही न लावता डॉक्टरला दाखवावं.

पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरांना सांगणं एकच: धावून आल्यावर त्याच ओल्या चड्डीत चहाच्या टपरीवर तासभर बसू नका. घरी जाऊन अंघोळ, अंग कोरडं, मग चहा.

फवारणी करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पाठीवरचा पंप झिरपला की औषध पाठीवरून कमरेत आणि तिथून आतल्या कपड्यात उतरतं. स्टेरॉइड जिथून इतकं शोषलं जातं, तिथून कीटकनाशकही शोषलं जातं. मायबाक यांच्याच १९७१ च्या अभ्यासात पॅराथिऑन हे विष अंडकोशावर लावलेलं जवळपास सगळं शरीरात गेलं, हातावर लावलेलं शंभरात नऊ भागांहूनही कमी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. पंपाची गळती आधी तपासा. कंबर ओली झाली तर काम तिथेच थांबवा, सगळे कपडे काढा, साबणाने अंग धुवा. ते कपडे घरच्या बादलीत टाकू नका, वेगळे धुवा.

अंबाबरवाच्या जंगलाकडे जाणाऱ्यांनी, मग ते वनमजूर असोत, गुराखी असोत की हौशी फिरणारे, पावसाळ्यानंतर गवतातून आल्यावर जांघ आणि कंबर रोज बघावी. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो ताप अगदी बारीक किड्याच्या चाव्याने होतो, आणि चाव्याची काळी खपली अनेकदा कमरेला, काखेत किंवा जांघेत असते. रुग्ण तिथलं दाखवत नाही आणि निदान लांबतं. ताप आला आणि अशी खपली दिसली तर डॉक्टरला ती आपणहून दाखवा.

धुण्याचंही सांगतो. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, पण तालुक्याचा खालचा भाग खारपाणपट्ट्यात. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण जास्त घासतो आणि तो धाग्यात अडकून राहतो. वाळल्यावर कापड कडक होतं आणि अंग खाजतं. साबण कमी वापरा, शेवटचा खळबळा गोड्या किंवा पावसाच्या पाण्यात काढा. आतले कपडे दोरीवर पँटखाली लपवून वाळत घालू नका, उलटे करून उन्हात घाला. पावसाळ्यात आसनाच्या आणि इलॅस्टिकच्या घडीवर इस्त्री फिरवा. नायटा झालेल्या माणसाचा टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा.

माझ्या मुलाच्या पोटावरची चकती गेली, डाग मात्र बराच काळ राहिला. अंघोळ घालताना तो दिसायचा आणि पूर्णेच्या पुलावर सांगितलेली खोटी पोटरी मला आठवायची. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक भावाला हात जोडून विनंती आहे. बूट घेण्याआधी अंगालगतचं कापड नीट निवडा. पोराला वयात येताना हे बापाने सांगावं, मित्राने मित्राला सांगावं. आणि जांघेत काही उठलं, तर औषधाच्या दुकानात जाऊन मलम मागू नका, डॉक्टरसमोर बसा आणि जागा दाखवा.