लघुव्यवसाय आणि ऑनलाइन विपणन : साधनांची निवड कशी करावी?

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील ऐतिहासिक शहर आहे. बोरी नदीचे पाणी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, येथील किल्ल्यात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून ‘नर’ व ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळू लागले की, ते पाहण्यास दूरदूरचे पर्यटक येतात. पौष पौर्णिमेस खंडोबाची यात्रा भरते. अणदूर येथे सव्वादहा महिने आणि नळदुर्ग येथे पावणेदोन महिने देवाचे वास्तव्य, ही दोन्ही गावांनी परंपरेने पाळलेली व्यवस्था आहे. शिवाय महामार्गावरील वाहतूक बारमाही चालू असते.

अशा गावातील खानावळ, मिठाईचे दुकान, शिवणकाम, शेळीपालन किंवा बचत गटाचा चटण्या-पापडांचा उद्योग यांना ग्राहकांची वाण नसावी, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ग्राहक दारावरून निघून जातो आणि दुकान कोठे आहे याची त्याला वार्ताही नसते. पूर्वी रस्त्यालगतची पाटी पुरेशी होती. आता प्रवासी पाटी वाचण्यापूर्वी हातातील फोन पाहतो. महामार्ग गावाबाहेरून वळला, तर पाटी वाचली जाण्याची संधीही उरत नाही. म्हणून ऑनलाइन विपणन हा आता केवळ मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांचा विषय राहिलेला नाही. मात्र साधने अनेक आहेत आणि लहान व्यावसायिकाजवळ वेळ व भांडवल दोन्ही बेताचेच असते. साधनाची निवड चुकली, तर ही तुटपुंजी पुंजीही वाया जाते.

प्रथम ग्राहक, मग साधन

पुष्कळदा निवडीचा आरंभच उलट्या टोकाने होतो. शेजारच्या दुकानदाराने इन्स्टाग्रामवर पान उघडले, म्हणून आपणही उघडावे, असा विचार केला जातो. वस्तुतः पहिला प्रश्न असा असावयास हवा : आपला ग्राहक कोण आहे आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो?

नळदुर्गसारख्या गावात ग्राहकांचे स्थूलमानाने तीन वर्ग आढळतात. पहिला वर्ग वाटसरूंचा व पर्यटकांचा. हा ग्राहक एकदाच येतो, पुन्हा येईल याची शाश्वती नसते. दुसरा वर्ग गावातील आणि पंचक्रोशीतील नेहमीच्या गिऱ्हाइकांचा. तिसरा वर्ग पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथील अशा ग्राहकांचा, जे गावी न येता माल मागवू शकतात. या तिन्ही वर्गांना एकाच साधनाने गाठता येत नाही.

वाटसरूसाठी नकाशा

भुकेला प्रवासी जाहिरात पाहत नाही, तो जवळचे ठिकाण शोधतो. त्यामुळे खानावळ, लॉज, पंक्चरचे दुकान किंवा औषधालय यांनी सर्वप्रथम गूगल बिझनेस प्रोफाइलवर नोंद करावी. ही नोंद विनामूल्य असते. व्यवसायाची पडताळणी झाल्यावर त्याचे नाव, जागा, दूरध्वनी क्रमांक, वेळा व छायाचित्रे गूगलच्या नकाशावर दिसू लागतात.

नोंद करून थांबणे मात्र पुरेसे नाही. नकाशावरील खूण प्रवेशद्वारापाशीच असावी, ती चुकीच्या गल्लीत असल्यास ग्राहक दुरावतो. नाव मराठीत व इंग्रजीत दुकानाच्या पाटीवर असेल तसेच द्यावे. यात्रेच्या काळात वेळा बदलल्यास तशी दुरुस्ती करावी. समाधानी ग्राहकास अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी, परंतु खोटे अभिप्राय मिळवू नयेत. तक्रारीला दिलेले नम्र उत्तर पुढच्या ग्राहकाच्या मनात विश्वास निर्माण करते.

नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी निरोप

गावच्या ग्राहकाला दुकान ठाऊक असते. त्याला हवी असते ती आजच्या मालाची वार्ता. येथे व्हॉट्सॲप बिझनेस हे साधन उपयोगी पडते. २०१८ मध्ये भारतात उपलब्ध झालेल्या या ॲपमध्ये वस्तूंची चित्रे व किमती यांची सूची मांडता येते आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. शिवणकाम करणाऱ्या महिलेने ब्लाउजचे दहा नमुने अशा सूचीत मांडले, तर प्रत्येक गिऱ्हाइकास वेगळी चित्रे पाठविण्याचे श्रम वाचतात.

एकाच वेळी अनेकांना निरोप पाठविण्याच्या यादीत २५६ जणांची मर्यादा असते. शिवाय ज्याने दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदविला आहे, त्यालाच तो निरोप पोहोचतो. म्हणून बिल देतानाच ग्राहकास क्रमांक नोंदविण्यास सांगावे. निरोप पाठविण्यास त्याची संमती आहे काय, हेही विचारावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, संमतीचे तत्त्व हा त्याचा गाभा आहे. रोज सकाळी शुभेच्छा पाठविणाऱ्या दुकानाचे निरोप ग्राहक बंद करून टाकतो. आठवड्यातून एकदा आलेला कामाचा निरोप तो वाचतो.

चित्र आणि चलच्चित्र

फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब ही साधने डोळ्यांना भावणाऱ्या व्यवसायांना अधिक लाभदायक ठरतात. धबधबा सुरू झाल्याचे अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र आणि त्याखाली आपल्या खानावळीचा पत्ता, ही पर्यटकासाठी उपयुक्त माहिती होय. उस्मानाबादी शेळीची पैदास करणाऱ्या पशुपालकास जनावरांची वंशावळ, वजन व लसीकरण यांची माहिती चलच्चित्रातून देता येते. किराणा दुकानदाराने मात्र या कामी रोज दोन तास खर्च करणे शहाणपणाचे नाही. ज्या साधनास सातत्याने वेळ देणे शक्य नाही, ते न निवडणेच योग्य. वर्षभर न बदललेले पान पाहून दुकान बंद पडले असावे, असा समज होतो.

दूरच्या बाजारपेठा

दूरच्या ग्राहकांसाठी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आहेत. केंद्र शासनाच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओएनडीसी’ या संस्थेची स्थापना झाली. तिच्या जाळ्यात विक्रेता एका ॲपवर नोंद करतो आणि ग्राहक दुसऱ्या ॲपवरूनही त्याचा माल मागवू शकतो. शासकीय कार्यालयांना माल पुरविण्यासाठी २०१६ पासून ‘जेम’ हे संकेतस्थळ कार्यरत आहे.

परंतु प्रत्येक माल या बाजारपेठांत नेण्याजोगा नसतो. धाराशिव जिल्ह्यातीलच दोन वस्तूंचे उदाहरण घेता येईल. कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवड्यांची माळ या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभले आहे. कवड्यांची माळ हलकी, टिकाऊ व टपालाने कोठेही जाण्याजोगी आहे. खवा मात्र नाशवंत असल्याने शीतवाहतुकीची सोय नसेल तर दूरच्या मागण्या स्वीकारणे धोक्याचे ठरते. कीर्ती सारखी असली, तरी दोहोंचे विपणन सारखे असू शकत नाही.

किमतीचे गणितही आधी मांडावे. समजा, चटणीच्या एका डब्याची किंमत २०० रुपये व उत्पादनखर्च १२० रुपये आहे. बाजारपेठेचे कमिशन, बांधणी व वाहतूक यांवर ७० रुपये गेले, तर हाती १० रुपये उरतात. अशा वेळी एक डबा परत आला, तरी अनेक डब्यांवरील नफा बुडतो. त्याऐवजी सहा डब्यांचा संच करून विकल्यास वाहतुकीचा भार विभागला जातो.

पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली, तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असलेल्या विक्रेत्यास केवळ आपल्या राज्यात माल विकावयाचा असल्यास, कर-संकेतस्थळावर नाव नोंदवून क्रमांक घेतला की तशी विक्री करता येते. परराज्यात माल पाठविण्यास ही सवलत लागू नाही. नळदुर्गच्या विक्रेत्यास पुणे खुले आहे, परंतु त्याहून जवळच्या हैदराबादला माल पाठविण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा लागतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा नोंदणीही करावी.

ग्राहकांची वही स्वतःजवळ

ही सर्व साधने परक्या जागेवरील दुकानांसारखी आहेत. मालकाने नियम बदलले किंवा जागा बंद केली, तर व्यावसायिकाचा इलाज चालत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यावर अनुयायी जमविलेल्यांचे श्रम एका दिवसात निष्फळ झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही साधने एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली. गूगलने लहान व्यावसायिकांना दिलेली विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली.

म्हणून ग्राहकांचे नाव, क्रमांक, गाव व खरेदी यांची नोंद, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत ठेवावी आणि ती वही जपावी. साधन बदलले तरी ग्राहक हातचा जात नाही, तो या वहीमुळेच.

खर्चाचा ताळा

पैसे देऊन जाहिरात करावयाची असल्यास आरंभ अल्प रकमेने करावा. समजा, ५०० रुपयांची जाहिरात २,००० जणांनी पाहिली, २० जणांनी चौकशी केली व चौघांनी खरेदी केली. प्रत्येक खरेदीत ६० रुपये सुटत असतील, तर मिळकत २४० रुपये व तूट २६० रुपये. जाहिरात दोन हजारांनी पाहिली, या समाधानावर दुकान चालत नाही. तेच चौघे पुन्हा येणारे असतील, तर मात्र हिशेब बदलतो. यासाठी प्रत्येक नव्या ग्राहकास “आमची माहिती कोठून मिळाली?” असे विचारून उत्तर टिपून ठेवावे. तीन महिन्यांच्या नोंदीवरून कोणते साधन ठेवावे आणि कोणते सोडावे, हे स्पष्ट होते.

सावधगिरी

नकाशावरील नोंद कायम ठेवण्यासाठी शुल्क मागणारे दूरध्वनी येतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. खात्यांचे परवलीचे शब्द मालकाजवळच असावेत. पान तयार करून देणारा कारागीर निघून गेला आणि दुकानाचा ताबा त्याच्याकडेच राहिला, असे होऊ नये.

थोडक्यात, लहान व्यावसायिकाने एका वेळी एकच साधन हाती घ्यावे. ते आपल्या ग्राहकाच्या वाटेवरचे असावे, ते तीन महिने नेटाने चालवावे आणि त्याचा हिशेब ठेवावा. पाणीमहालाच्या बांधकाम करणाऱ्यांनी प्रथम नदीचा प्रवाह ओळखला आणि मग बांध घातला. ग्राहकांचा प्रवाह ओळखून साधनाची निवड करणाऱ्या व्यावसायिकास त्याच गावात, त्याच भांडवलावर, आपला व्यवसाय स्थिर पायावर उभा करता येईल.