आधी बुक, मग गाडी

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि बिल्डरने आवार मोकळं करायला मुदत दिली. मागच्या शेडमध्ये काकांची १९५१ ची डॉज किंग्जवे ताडपत्रीखाली उभी होती, शेजारच्या कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कारखान्यात जुळणी झालेली. काका गेल्यापासून ती हललीच नव्हती.

पहिला दलाल थेट भंगाराच्या भावावर आला. दुसरा गोड बोलला, “गाडी राहू द्या साहेब, नुसतं बुक द्या.” आकडाही तोंडाला पाणी सुटेल असा. नुसतं आरसी बुक मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. जुन्या बुकावर भलत्याच मार्गाने आलेली गाडी उभी करायचा हा धंदा आहे, आणि पोलीस येतात ते बुकावर नाव असलेल्याच्या घरी. बुकाचा फोटो अनोळखी माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवूच नका. चॅसिस नंबर त्याला समोर बोलावून दाखवा.

मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा. ऐन व्यवहाराच्या वेळी सह्या गोळा करायला निघालं, की एखादा पुतण्या हमखास न्यू जर्सीत असतो. जुनी नोंद संगणकावर चढली आहे का, तेही आरटीओत बघून घ्या.

तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने न विचारता १२ व्होल्टची बॅटरी जोडली. या गाड्या ६ व्होल्टच्या, त्यात पॉझिटिव्ह अर्थ. वायरिंगमधून धूर निघाला आणि तोच दाखवून त्यांनी भाव पाडला! चालू करून दाखवायच्या फंदात पडू नका, रंगही काढू नका. खरा शौकीन इंजिन हाताने फिरतं का आणि दाराखाली, फ्लोअरला गंज किती, एवढंच बघतो. २६ जुलै २००५ चं पाणी आत शिरलं होतं, हे आम्ही आपणहून सांगितलं. सीटखालचा चिखल लपत नाहीच.

डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर तेही सांगा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये; पण मूळ रूपात मोठा फेरफार चालत नाही. सुटे हबकॅप, बोनेटवरचा मेंढा, जुनी बिलं यादीसकट द्या. त्यांचे वेगळे पैसे मिळतात, आम्हाला मिळाले.

पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, तारीख-वेळेसह डिलिव्हरीची पावती, मगच टोइंगवाल्याला हात लावू द्या. नंतर नाव बदललं का, ते स्वतः तपासा. आरटीओच्या दप्तरात ते बदलेपर्यंत मालक तुम्हीच.